शहादेव दाजींची सहा मिनिटं

मांजरसुंबा
७ जानेवारी २०२५

चि. आम्रपालीस शहादेवचा सप्रेम जय भीम.

पत्र बघून दचकू नकोस. सगळे खुशाल हाईत. तुझी ताई बी खुशाल हाय, आत्ता माझ्यापुढं बसून मेथी निवडतीय आन मी काय लिहितोय ते विचारतीय.

फोन कावून केला न्हाई म्हणशील. तर माझ्या कानाचं तुला ठाऊकच हाय. मागल्या महिन्यात तू फोनवर "दाजी, जेवलात का?" म्हणून विचारलंस. मला ऐकू आलं, "दाजी, मेलात का?" मी म्हणलं, "अजून न्हाई." तुझी ताई अर्धा तास हसत होती. तवापासून मी फोन बंदच केला. आन खरं सांगू का, तेहतीस वर्षं ह्या गावच्या पोस्टात मी दुसऱ्यांची पत्रं वाटली. माझ्या स्वतःच्या नावाचं एकच आलतं, ते बी रिटायर झाल्याचं. तर तू आता पत्रच लिव.

काम असं हाय. नवनाथनं दिवाळीला नवा मोबाईल दिला आन पुण्याला जाताना त्यात सुडोकू टाकून गेला. "बाबा, डोकं चालतं ऱ्हाईल," म्हणला. माझं डोकं बंद पडलंय असं पोराला कुणी सांगितलं कोण जाणे. रोज सकाळी एक नवं कोडं येतं, सगळ्या जगाला एकच. सोडवून झालं की खाली घरच्यांची यादी दिसती, कुणाला किती वेळ लागला त्याची. काल तुझ्या नावापुढं सात मिनिटं. नवनाथ बारा. आन शहादेव एक तास दहा मिनिटं, वर लाल अक्षरात 'चूक' असा शेरा. ते सगळ्यांना दिसतं का गं? दिसत आसंल तर अवघड हाय.

मला शिकव. पर नवनाथला सांगू नकोस.

तुझा दाजी,
शहादेव


अंबाजोगाई
१३ जानेवारी २०२५

ती. दाजी, सप्रेम जय भीम.

दिसतं हो, सगळ्यांना दिसतं. तुमचा लाल शेरा मी रोज चहाच्या सुट्टीत बघते. आमच्या वॉर्डातल्या दोन सिस्टरसुद्धा बघतात. "आज तुमच्या दाजींचं काय?" म्हणून विचारतात. पेशंटच्या तब्येतीची एवढी चौकशी करत नाहीत.

आता नीट वाचा. सोबत कागदावर काही अंक भरलेली चौकट काढून पाठवलीय. नऊ आडव्या रांगा, नऊ उभ्या. एकूण एक्क्याऐंशी घरं. जाड रेघांनी त्याचेच तीन बाय तीनचे नऊ चौकोन झालेत. एक ते नऊ अंक असे भरायचे की कुठल्याही आडव्या रांगेत, उभ्या रांगेत आणि चौकोनात एक अंक दोनदा यायला नको. एवढाच नियम आहे. बेरीज नाही, वजाबाकी नाही.

तुम्ही काय करता ते मला इथं बसून कळतंय. पहिल्या रिकाम्या घरात मनाला येईल तो अंक दाबता आणि पुढं पळता. तसं नाही करायचं. जिथं सगळ्यात जास्त अंक आधीच भरलेत तिथं जायचं. एक घर घ्यायचं आणि विचारायचं, इथं काय येऊ शकत नाही? आडवं बघा, उभं बघा, चौकोन बघा. आठ अंक कटले की नववा आपोआप उरतो. दोन उरले तर दोन्ही बारीक अक्षरात कोपऱ्यात लिहून ठेवा, त्यासाठी पेन्सिलीचं चित्र असलेलं बटण आहे. अंदाजानं एकही अंक टाकायचा नाही. एक चुकला की पुढचे पन्नास चुकतात. आणि 'सुचवा' हे बटण दाबू नका. ते दाबलं की नावापुढं चांदणी येते आणि अख्ख्या खानदानाला कळतं.

आठ दिवस हे करा. नाही जमलं तर मोबाईल ताईकडं द्या आणि मेथी तुम्ही निवडा.

तुमची मेहुणी,
आम्रपाली


मांजरसुंबा
२९ जानेवारी २०२५

चि. आम्रपालीस जय भीम.

मेथीचं बोललीस ते मी मनावर घेतलेलं न्हाई. तुझी चौकट कामाला आली. यादी बघतीस ना? पहिल्या आठवड्यात चाळीस मिनिटं, मंग पंचवीस. परवा चौदा, आज अकरा. नवनाथला मागं टाकला. त्याचा फोन आलता, तुझ्या ताईनं घेतला. पोरगं म्हणलं, "बाबांना काय झालंय?" म्हणजे बापाला अक्कल आली की पोरांना आजार वाटतो.

आता मला बघितल्या बघितल्या दिसतं, कुटं काय बसतंय ते. फाट्यावरच्या हॉटेलात चहाला गेलो तर चार जण भवती जमतात. मी त्यांना समजावून सांगतो, "आठ कटले की नववा उरतो." विठ्ठलराव म्हणले, "शहादेवराव, तुमी पोस्टात वाया गेलात." मी काय बोललो न्हाई. माणसानं नम्र असावं.

तुझी ताई म्हणती, हे रिकामटेकड्याचं काम हाय. सकाळी भाकरी झाल्या की शेजारी येऊन बसती आन नावं ठेवती.

तुझा दाजी,
शहादेव


अंबाजोगाई
६ फेब्रुवारी २०२५

ती. दाजी, जय भीम.

काल सहा मिनिटं चार सेकंद. आज पाच मिनिटं पन्नास. मी तीन वर्षं खेळतेय आणि साडेसहाच्या खाली दोनदाच आलेय. दाजी, खरं सांगा. काय चाललंय?

चांदणी नाही, म्हणजे 'सुचवा' दाबलेलं नाही. नवनाथला विचारलं, तो शपथ घेतो की त्यानं काही सांगितलं नाही. कागदावर आधी सोडवून मग मोबाईलवर भरत असाल, असं आमच्या एका सिस्टरचं म्हणणं आहे. दुसरी म्हणते, फाट्यावर कुणी इंजिनिअर येऊन बसत असेल. मी दोघींना सांगितलं, आमचे दाजी फसवाफसवी करणारे नाहीत. ताईला बघायला आले तेव्हा वय दोन वर्षांनी कमी सांगितलं होतं, तेवढंच.

ज्या माणसाला लग्नात आहेराची पाकिटं क्रमानं लावता येत नव्हती, तो माणूस सहा मिनिटांत सुडोकू सोडवतो? माझा विश्वास बसावा असं काहीतरी लिहा.

तुमची,
आम्रपाली


मांजरसुंबा
१७ फेब्रुवारी २०२५

चि. आम्रपालीस जय भीम.

तुझ्या पत्रानं मन दुखावलं. म्हाताऱ्या माणसाचं डोकं उशिरा उघडू शकत न्हाई का? वयाचं पुन्हा काढू नकोस. ते दाखल्यावरच चुकीचं होतं.

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण घरात मी एकटाच होतो. तुझी ताई अकरा तारखेला पुतणीच्या लग्नाला गेवराईला गेलती, ती चौदाच्या संध्याकाळी आली. चार दिवस मी पिठलं आन पाव खाल्ला.

आता एक अडचण सांगतो. बीडच्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं सुडोकूची स्पर्धा ठेवलीय. नऊ मार्चला, रविवारी, एका मंगल कार्यालयात. सगळ्यांनी एकाच टायमाला कागदावर सोडवायचं. विठ्ठलराव त्या मंडळाचे सेक्रेटरी. त्यांनी मला न विचारता माझं नाव घातलं. वरून फाट्यावर सगळ्यांना सांगून टाकलं की मांजरसुंब्याचा शहादेव बीडवाल्यांना पाणी पाजणार. माणसं जीप करून बघायला येणार हाईत.

तर झालंय असं, की मला जरा सर्दी हाय. ही सर्दी नऊ मार्चपर्यंत जाईल असं वाटत न्हाई. तू दवाखान्यात हायस. एखादं सर्टिफिकेट मिळंल का? आजार कुठला बी चालंल. फक्त मोठा नको, तुझी ताई घाबरती.

तुझा दाजी,
शहादेव


अंबाजोगाई
२२ फेब्रुवारी २०२५

ती. दाजी, जय भीम.

सर्टिफिकेट मिळणार नाही. तुमचा आजार मला कळलाय.

तुमचं पत्र आलं आणि मी मोबाईलवर मागची यादी काढली. दहा फेब्रुवारी, सहा मिनिटं. अकरा फेब्रुवारी, अठ्ठेचाळीस मिनिटं. बारा तारखेला चूक. तेरा तारखेला बावन्न मिनिटं, वर चांदणी. चौदा तारखेला पुन्हा चूक. पंधराला परत सहा मिनिटं.

अकरा ते चौदा गेवराईला कोण गेलतं, दाजी?

आडवं बघितलं, उभं बघितलं. नवनाथ नाही, हॉटेलवाले नाहीत, तुम्ही तर नाहीच नाही. एकच नाव उरतं. रोज भाकरी झाल्या की शेजारी येऊन बसती आणि नावं ठेवती, ती.

हे कळल्यावर मी आधी खूप हसले. मग औषधाच्या खोलीत जाऊन रडले. तुम्हाला ठाऊक आहे का, आई-बाबा ऊसतोडीला गेले की ताई मला कडेवर घेऊन दिवसभर कोपीपुढं, त्या पाचटाच्या झोपडीपुढं, बसायची. सात वर्षांची होती. तिचं नाव शाळेत पहिलीत होतं. माझा जन्म झाला आणि तिचं दप्तर कोनाड्यात गेलं ते कायमचं. तिचं दप्तर मीच पुढं वापरलं. मी सिस्टर झाले, आणि ती अजून एसटीची पाटी दुसऱ्याला वाचायला लावते. एवढ्या वर्षांत मी तिला कधी म्हटलं नाही की ताई, ये, तुला एक गंमत शिकवते. मला वाटलंच नाही की तिला जमेल.

मला सगळं खरं लिहा. आणि स्पर्धेला ताई जाईल. तुम्ही पिशवी धरायला जा.

आम्रपाली


मांजरसुंबा
२७ फेब्रुवारी २०२५

चि. आम्रपालीस जय भीम.

पकडलंस. आता काय लपवायचं?

जानेवारीत तुझी चौकट आली, मी ती पुढं घेऊन बसलो. तुझ्या ताईला तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं, नेहमीसारखं. मी एका घरात सात भरला. ती लसूण सोलत होती. तिरक्या नजरेनं बघून म्हणली, "सात तिथं कावून घातला? त्याच रांगेत हाय की." मी म्हणलं, तुला काय कळतं? तिनं लसणाचा हात पदराला पुसला आन बोट ठेवून दाखवलं. आडवं, उभं, चौकोन. एकदाच ऐकलेला नियम तिला पाठ झालता. मी तीन वेळा वाचून विसरलोतो.

मंग माझ्या ध्यानात आलं. मी टपाल घेऊन वस्त्यांवर गेलो की मागं पोस्ट तीच सांभाळायची. अक्षर येत न्हाई, पर अंक सगळे येतात. पिनकोडवरून टपाल लावायची. चारशे एकतीसवालं एकीकडं, चारशे चौदा नगरकडं, चारशे अकरा पुण्याकडं. तेहतीस वर्षांत एक पत्र चुकीच्या गठ्ठ्यात गेलं न्हाई. पगार माझ्या नावावर निघायचा आन शाबासकी बी मलाच. मला त्याची इतकी सवय झालती की ह्या वक्ताला बी तसंच झालं.

तिनंच शपथ घातलीती, कुणाला सांगू नका म्हणून. "आंपी हसंल," म्हणली. पर आंपे, खोटं कशाला बोलू? शपथ नसती तरी मी सांगितलं नसतं. फाट्यावर चार माणसं माझ्याकडं मान वर करून बघत होती. लई बरं वाटत होतं.

काल मी विठ्ठलरावाकडं गेलो आन सगळ्यांपुढं सांगितलं, सोडवणारा मी न्हाई, आमची मालकीण हाय. आधी हसले. मंग आपापल्या कपात बघायला लागले. चहा न पिताच घरी आलो. नाव बदलून घेतलंय.

पर ती न्हाई म्हणती. फॉर्म आणलाय. त्यात नाव, गाव, वय, शिक्षण असं लिहायचंय. सही येती तिला. शिक्षणाच्या घरावर बोट ठेवून म्हणली, "हितं काय लिवनार?" तिनं फॉर्म डब्याखाली घालून ठिवलाय.

तू सांग तिला. माझं ऐकत न्हाई.

शहादेव


अंबाजोगाई
३ मार्च २०२५

(दाजी, हे ताईला वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.)

ताई, जय भीम.

मी हसले, हे खरं आहे. दाजींना हसले, तुला नाही.

मला रविवारी ड्युटी आहे, दोन जणींना बदली मागितली, नाही मिळाली. नाहीतर मी स्वतः तुला हाताला धरून नेलं असतं. तिथं कुणी तुला धडा वाचायला लावणार नाही. कागदावर फक्त अंक असतील. चष्मा घेऊन जा, दाजींचा नको, तुझा. पेन्सिल दोन ने. हरलीस तर हरलीस, बीडला चहा पिऊन परत ये.

माझ्यामुळं तुझी शाळा सुटली. हे मला फार आधीच बोलायचं होतं, धीर झाला नाही. आता पत्रात बोलतेय, तेसुद्धा दाजींच्या तोंडून. पण तू जा.

तुझी आंपी


मांजरसुंबा
११ मार्च २०२५

चि. आम्रपालीस जय भीम.

हे पत्र तुझी ताई सांगतीय, मी लिहितोय. ती म्हणती, मी बोलंन तसंच लिवायचं, तुमची हुशारी घालायची न्हाई. तर माझं जे आसंल ते कंसात लिहितो.

आंपे, गेले बाई एकदाची. सकाळच्या एसटीनं गेलो. ह्ये सगळ्या रस्त्यानं मला नियम समजावून सांगत होते. (धीर देत होतो.) कार्यालयात चाळीसेक माणसं. बाया आमी तिघीच. दाराशी टेबलावर एक पोरगी नावं लिवत होती. नाव विचारलं, गाव विचारलं. मंग म्हनली, "शिक्षण?" मी म्हनलं, "ते घर रिकामं ठीव, बाई." पोरगी हसली आन ठिवलं रिकामं. एवढंच होतं बघ. त्याच्यासाठी मी आठ दिवस जेवले न्हाई. (जेवली. कमी जेवली.)

घंटी झाली, कागद उलटा केला. मी आधी सगळा बघून घेतला, माझी ती सवय हाय. तर मधल्या रांगेत एक घर आसं, की त्यात काईच बसंना. पुन्ना बघितलं. मंग पेन्सिल खाली ठिवली आन हाताची घडी घालून बसले.

(इथं मी मधी बोलतो. मी मागं खुर्चीवर होतो, फाट्यावरची सात-आठ माणसं माझ्या भवती. तीन मिनिटं बी झाली नव्हती. सगळा हॉल खाली मान घालून लिहितोय आन आमचीच एकटी कोरा कागद पुढं घेऊन बसलेली. एक जण माझ्या कानात म्हणला, "वैनी घाबरल्या जणू." कान बहिरा असून ते बरोबर ऐकू आलं. मला वाटलं, उठावं आन तिला घेऊन घरी जावं. माझ्या बढाईपायी तिला इथं आणून बसवलं.)

विठ्ठलराव माझ्यापशी आले. लई गोड बोलले. "वैनी, लई टाईम हाय, करून बघा जमंल तेवढं." मी म्हनलं, "करून झालं. ह्याला उत्तर न्हाई." ते म्हनले, "आसं कसं? सगळे सोडवायलेत की." मी म्हनलं, "सगळे खोडायलेत. बघा तरी." खरंच, खोडरबराचा आवाज येत हुता चौफेर.

मंग मी त्या घरावर बोट ठिवलं. "ह्या आडव्या रांगेत छापलेले एक, चार, सहा, आठ. उभ्या रांगेत दोन, पाच, नऊ. चौकोनात तीन आन सात. झाले नऊच्या नऊ. आता ह्या घरात कोन येनार? तुमी सांगा." विठ्ठलरावानं बोटावर मोजलं. दुसऱ्यांदा मोजलं. मंग खिशातनं चष्मा काढला आन तिसऱ्यांदा मोजलं. स्टेजवर जाऊन आपल्यापशी होता तो मूळ कागद आनला. छापताना चौकोनातल्या आठाचा तीन झालता.

त्यांनी माईक हातात घेतला आन सगळ्यांना पेन्सिली खाली ठिवायला सांगितल्या. म्हनले, "कागद चुकला हाय, आन ही चूक मांजरसुंब्याच्या सरूबाईंनी काढली." माझं नाव माईकवर. मी उगं पदर सारखा केला. लोक टाळ्या वाजवायले. (मी उठून उभा ऱ्हायलो होतो. ते तिनं सांगितलं न्हाई म्हणून लिहितो.)

मंग दुसरा कागद दिला. त्यात मी दुसरी आले. पयला नंबर एका गणिताच्या मास्तराचा आला. त्यो खिडकीपशी बसलता, उजेड लई हुता तिथं. पुढल्या साली मी खिडकी धरनार. शाल दिली, बरी हाय, जरा टोचती.

येताना एसटीत ह्ये माझ्याशी बोलंनात. मी म्हनलं, काय झालं? तर म्हनले, "तेहतीस वर्षांत मी तुला एकदा बी म्हनलं न्हाई की तू हुशार हायस." मी म्हनलं, आता म्हना की. तर म्हनले. एवढ्या मोठ्यानं म्हनले की कंडक्टर वळून बघायला लागला. (बहिऱ्या माणसाला आवाजाचा अंदाज येत न्हाई.)

आता आंपे, तू शाळेचं लिवलंस त्याचं ऐक. तू लई रडकी हुतीस, ह्ये खरं हाय. कडंवरनं खाली ठिवलं की भोकाड पसरायचीस. पर माझी शाळा तुझ्यामुळं न्हाई सुटली. मला शाळंत जायचंच नव्हतं. मास्तर मारका हुता. तू झालीस तवा मला बरंच वाटलं, सुटले म्हनलं. तवा तू औषधाच्या खोलीत जाऊन रडायचं बंद कर. येशील तवा माझ्यासाठी अक्षरांचं पुस्तक आन, पहिलीतलं. हौस म्हनून. बाकी काई न्हाई.

तुझी ताई,
सरूबाई

(आम्रपाली, खाली अंगठा न्हाई, सही हाय, तिनं स्वतः केलीय. मास्तर मारका होता की नव्हता, ते मला ठाऊक न्हाई. मी ह्या आधी कधी ऐकलं नव्हतं. एवढंच सांगतो, सगळं पत्र सांगताना ती माझ्याकडं बघून बोलत होती, आन ते शाळेचं सांगताना उठून चुलीपशी गेली आन माझ्याकडं पाठ करून बोलली. मला ऐकू येईना म्हणून मी दोनदा विचारलं. दोन्ही वक्ताला तिनं तेच सांगितलं, म्हणून तेच लिहिलंय. — शहादेव)